हातभर पदर

पोळ्याच्या दिवशी आसेगावच्या घरी माझी धाकटी जाऊ यमुना चुलीपाशी भाजली. दुसऱ्या दिवशी, करीला, ती गेली. तिच्या अंगावरचं पातळ मी दिलेलं होतं.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. यापुढचं मी या उन्हाळ्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही मनात दुसरंच काहीतरी बोलत राहिले. आता लिहिते आहे. हळू लिहिते आहे, कारण घाईत लिहिलं की माझी वाक्यं चांगली होतात, आणि चांगल्या वाक्यांनी मी आजवर पुष्कळ झाकलं आहे.

तुमच्यापैकी काहींनी मला वाचलं असेल. स्त्रियांच्या एका मासिकात मी बरीच वर्षं कपड्यांवर लिहीत होते. नाव खाली नसायचं, पण सदर तुम्हाला आठवेल. काय नेसावं, कसं नेसावं, कुठल्या अंगाला काय खुलतं. बुटकीनं रुंद काठ नेसू नयेत. सावळीनं हळदी रंगाला भिऊ नये. घरात दोन, बाहेर दोन आणि समारंभाला एक एवढी लुगडी नीट राखली तर पेटी भरण्याची गरज नाही. पोलक्याची बाही कोपरापर्यंत असावी म्हणजे काम करताना वर सरकवावी लागत नाही. हे सगळं बरोबरच होतं. आजही बरोबर आहे. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. बरोबर सांगणाऱ्या बाईवर लोक विश्वास ठेवतात.

आम्ही वाशीमला राहायचो, हे कोर्टात कामाला. शेत आसेगावला, ते धाकटे दीर आणि यमुना बघायचे, आणि सासूबाई त्यांच्यापाशी असायच्या. सणावारी आम्ही तिकडे जायचो. यमुना इंझोरीची. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण कापडाची तिला हौस. हौस म्हणजे नटण्याची नव्हे — हे मी आज मुद्दाम लिहिते. तिला कापड हातात घेऊन बघायला आवडायचं. सूत किती पिळाचं, रंग उतरेल का, धुवून आकसेल का. मी मासिकात लिहायचे त्यातलं कितीतरी तिच्याशी ओसरीवर बसून गप्पा मारताना मला सुचलेलं. तिचं नाव कधी घातलं का मी? आसेगावच्या यमुनेचं नाव मासिकात कशाला, असं तेव्हा वाटायचं.

त्या सुमारास बाजारात जपानी नकली रेशीम आलं होतं. स्वस्त, झुळझुळीत, धुतलं की तासाभरात वाळायचं, खळ नको, इस्त्री नको. मी डाळिंबी रंगाचं एक पातळ घेतलं आणि त्याच्यावर लेख लिहून धाडला. नऊवारीचा ओचा-कासोटा आवळण्यापेक्षा पाचवारी गोल नेसणं किती सुटसुटीत, पदर खांद्यावरून मोकळा सोडला की मध्यम बांध्याची बाईसुद्धा कशी उंच दिसते — असं बरंच काही. संपादकांचं कौतुकाचं पत्र आलं. वाचकांची आली. मी ती पत्रं यांना वाचून दाखवली.

आणि मग एका दुपारी वाशीमच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण उतरवताना माझा पदर स्टोवरून गेला.

सुती लुगड्याला ठिणगी लागली तर आधी वास येतो, काळं पडतं, धुमसतं. हात मारायला वेळ मिळतो. हे तसं नव्हतं. कागद पेटावा तसं ते पेटलं, वरवर चढत आलं. मी पदर खाली टाकला, पाटाखाली दाबला, वर पाणी ओतलं. मला काही झालं नाही. बोटांची टोकं पोळली, तेवढंच. पण पदराचं टोक करपून काळंठिक्कर पडलं होतं, आणि मी त्याच पाटावर बसून राहिले.

मला कळलं होतं. हे लक्षात घ्या. त्या दुपारी, त्या पाटावर बसून, मला पूर्ण कळलं होतं की हे कापड चुलीपाशी नेसण्याचं नाही. पुढच्या अंकात चार ओळी लिहिल्या असत्या तरी पुरलं असतं. का लिहिल्या नाहीत? लेख नुकताच छापून आला होता म्हणून? पत्रं येत होती म्हणून? काय लिहायचं — तुम्हाला सांगून बसले खरी, पण माझाच पदर पेटला? मला हसतील असं वाटलं. दुसरं कारण नव्हतं. मी शोधून पाहिलं आहे.

मी कात्री घेतली. जळलेला भाग पन्हाभर सरळ कापला. हातभर कापड गेलं. पदराला जरीचा पट्टा नव्हता, नुसते अंगचे काठ होते. त्यामुळे शेवट दुमडून बारीक टीप घातल्यावर काही कळेना. माझी टीप चांगली आहे. ते पातळ मी पुन्हा नेसले नाही. भीती वाटायची. घडी घालून ठेवलं, आणि पोळ्याला आसेगावला निघताना ते पिशवीत घातलं.

जे नेसायची मला भीती वाटत होती ते मी तिला दिलं. आणि वर उपकार केल्यासारखं दिलं — मला हा रंग शोभत नाही गं, तुलाच खुलेल.

तिनं ते हातात घेतलं, उजेडात धरलं, बोटांमध्ये चुरगाळून पाहिलं आणि हसली. "बाई, हे पातळ हाय का कांद्याचं पापोद्र?"

मीही हसले.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी तोरणाखालून बैल सुटले की घरोघर येतात. त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची. हा मान आमच्या घरात सासूबाईंचा. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. मोठी म्हणून मान माझ्याकडे यायचा, पण मी म्हटलं, वर्षभर बैलांना पाणी यमुना दाखवते, तिनं ओवाळावं. हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं. आणि लगेच म्हटलं, आज ते डाळिंबी पातळ नेस.

तिनं आतल्या खोलीत जाऊन नेसून पाहिलं. यमुना उंच, हाडापेरानं मोठी. दारातून तिनं मला हाक मारली. पदर कमरेला गुंडाळून खोचायला बघत होती आणि तो पोचत नव्हता.

"पुरून नाही राह्यला व बाई. खोचाले येत नाही. निऱ्या कमी केल्या तं पाय फाकत नाही. अजून पोळ्या बाकी हायेत माह्या."

मला ठाऊक होतं पदर का पुरत नाही. हातभर कापड माझ्या पेटीत वाशीमला होतं. मी काय म्हणायला हवं होतं? सोड ते, लुगडंच नेस. एवढंच. फार तर म्हणायला हवं होतं, पोळ्या मी लाटते, तू चुलीपाशी येऊ नको. पण तिनं विचारलं असतं, काहून? तिला कापडातलं कळत होतं. शेवट हातात घेऊन तिनं टीप पाहिली असती. कदाचित पाहिलीच होती.

मी म्हटलं, "गोल पातळाचा पदर खोचायचा नसतोच. मोकळा सोडायचा असतो. तीच पद्धत आहे."

हेच ते. एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. नेसण्याच्या पद्धतीबद्दल मी जन्मभर जे काही सांगितलं त्यातलं हे एकच खोटं होतं. माझ्या कात्रीची चोरी झाकायला मी तिला रीत म्हणून सांगितली. आणि तिनं मानली — कारण या बाबतीत बाई खोटं कशाला बोलेल?

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई जात्यापाशी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय व! मास्तरीनबाईनं साहेबीन केली का तुले? बैल वळखतीन का आता?" मला त्या मास्तरीण म्हणायच्या; मी कधी शिकवलं नाही, वाचत बसायचे म्हणून. यमुना म्हणाली, "बैलायले पुरनपोळी वळखू येते, मामीजी, मी नाही आली तरी चालते." सगळे हसले. तिची चार वर्षांची सिंधू तिच्या मोकळ्या पदराशी खेळत होती.

मग तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला म्हणून ती आत पळाली.

त्यापुढचं मी वर्णन करणार नाही. मला वर्णन करता येतं, म्हणूनच करणार नाही.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत. दिरांनी जुंपले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल तशीच, आणि त्या बैलांच्या गाडीत यमुनेला घालून मंगरूळच्या दवाखान्याकडे निघालो. रस्ता चिखलाचा. गाव दुतर्फा उभं होतं, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं — एक म्हातारा दुसऱ्याला म्हणत होता, पोळ्याचे बैल जुंपले, यंदा काही खरं नाही. एक बाई जळून चालली होती आणि यांना बैलांची पडली होती! त्या म्हाताऱ्याचा मला अजून संताप येतो. का येतो, तेही आता कळतं. निदान तो जे मनात होतं ते बोलत होता.

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती शुद्धीवर होती. एका खड्ड्यापाशी गाडी अडली तेव्हा ती म्हणाली, "बाई, मी मोकळाच सोडला होता. तुमी सांगतलं तसा."

तिला वाटत होतं, आपलं काहीतरी नेसण्यात चुकलं.

तेव्हा तरी सांगायचं होतं. ऐकत होती ती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, बोलू नको. तिला बरं वाटावं म्हणून? दिरांना ऐकू जाऊ नये म्हणून म्हटलं. ते पुढे कासरा धरून बसले होते, एका हाताच्या अंतरावर.

ती गेल्यावर पोलीस पाटील घरी विचारायला आले. कसं झालं? दिरांना बोलवत नव्हतं. सासूबाई रडत होत्या. शिकलेली मीच. मी म्हटलं, "तिला पदर सांभाळता आला नाही." पाटलांनी मान हलवली. सगळ्यांनी हलवली. गावात दुसऱ्या दिवशी तेच झालं — खेड्यातली बाई, शहरी नेसायला गेली, पदर सांभाळता आला नाही. मी दिलेलं पातळ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. उलट माझं सांत्वन करायला बायका आल्या. तुमी तं चांगल्यासाठीच देल्लं होतं, म्हणाल्या.

इथे थांबले असते तरी एक वेळ — नाही. एक वेळ काहीच नाही. पण मी थांबले नाही.

दोन-तीन महिन्यांनी मी लेख लिहिला. स्वयंपाकघरातलं वस्त्र कसं असावं याच्यावर. नकली रेशीम आगीपाशी नेसू नये, पदर कमरेला घट्ट खोचावा, बाही आखूड असावी. सगळं बरोबर. आणि उदाहरण म्हणून लिहिलं — माझ्या पाहण्यातली खेड्यातली एक भगिनी, नव्या तऱ्हेच्या मोहानं, पदर खोचण्याची साधी काळजी न घेतल्यामुळे. असंच लिहिलं. मोहानं. साधी काळजी. तुमच्यापैकी कुणी तो अंक जपून ठेवला असेल. पुष्कळ जणींनी ठेवला. तशी पत्रं आली. माझ्या सगळ्या लेखांत त्याचं सर्वांत जास्त कौतुक झालं. यांनी तो आसेगावला नेऊन आईला वाचून दाखवला, बायकोला किती लागलंय हे दाखवायला.

सासूबाईंनी तो मनावर घेतला. छापलेलं होतं ना.

सिंधूला त्यांनी वाढवलं. मातकट रंगाचं जाडंभरडं कापड, त्याचं परकर-पोलकं. मोठी झाल्यावर तसलंच लुगडं. केसात फूल नाही. गावातल्या मुली पोळ्याला नवं नेसून बाहेर पडायच्या तेव्हा ही घरात. कुणाच्या लग्नात हातात हिरवा चुडा भरायला निघाली तर, "नटू नोको, मायसारखी जाशील." सासूबाई दुष्ट नव्हत्या. नातीचा जीव वाचवत होत्या. मी दर सणाला जायचे, बघायचे, आणि पोरीला एखादं पुस्तक द्यायचे. पुस्तक! 

सासूबाई गेल्या, पण त्यांची शिकवण राहिली. ती त्यांची नव्हती, माझी होती.

या उन्हाळ्यात सिंधूचं लग्न ठरलं आणि दीर तिला घेऊन वाशीमला बस्ता फाडायला आले. लग्नाचे कपडे घ्यायचे तर मोठीआई, म्हणजे मी, बरोबर हवी. कापडातलं घरात मलाच कळतं. दुकानात गादीवर बसलो. दुकानदारानं गठ्ठे सोडले. सिंधू यमुनेसारखीच उंच झाली आहे. तिनं एक मातकट लुगडं बाजूला काढलं, आणखी एक मातकट. दुकानदार हसला, "ताई, लगीन हाय का तेरवी?" आणि त्यानं एक डाळिंबी शालू तिच्या मांडीवर पसरला. चांगलं खरं रेशीम होतं. पोरीनं हात असा मागं घेतला की मी ते विसरणार नाही.

"मले रंग नको, मोठीआई. माही माय त्याच्यानंच गेली. सासरचे बी इचारून गेले बाबाले, पोरीत मायचं वळन तं नाही म्हून."

ती चिडून बोलत नव्हती. एखादीनं आपल्या घरात क्षय आहे असं सांगावं तशी सांगत होती. आणि दीर, तिचा बाप, खाली बघत होते. इतकी वर्षं हा माणूस बायको मूर्ख होती असं ऐकत, मानत, तिच्यावर रागावत जगला. त्यालाही ते मीच दिलं होतं.

मी उठले. म्हटलं, आज नको, उद्या येऊ. घरी येऊन सिंधूला आत बोलावलं, पेटी उघडली आणि तळातून ते हातभर कापड काढलं. डाळिंबी, एक कड जळून कडक झालेली. मी सगळं सांगितलं. स्टो, कात्री, टीप, पद्धत, गाडी, पाटील, लेख. या क्रमानं. मला रडू आलं नाही, आणि आलं असतं तर मी स्वतःच्या तोंडात मारली असती.

सिंधूनं ते कापड घेतलं.  तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर पुढे घेतला, हातभर दुमडून आखूड केला, त्याच्या शेवटाला ते कापड लावून धरलं, कमरेभोवती ओढलं आणि खोचून पाहिलं. बरोबर पोचलं.

 मग म्हणाली, "इतके साल हे जपून काहून ठेवलं तुमी?"

  जाळायला हवं होतं म्हणावं, तर ते कुठल्या तोंडानं? तिच्या हाती द्यायचं म्हणून ठेवलं होतं, हे म्हणणंही खोटंच झालं असतं.

कापड कमरेला तसंच ठेवून ती बाहेर गेली. मला नमस्कार केला नाही. ओसरीवर बापापाशी बसून तिनं त्यांना सांगितलं; तिचा आवाज मला आत ऐकू येत होता, पण शब्द नाही.  संध्याकाळी दोघं दुसऱ्यांकडे उतरायला गेली. दुसऱ्या दिवशी बस्ता त्यांनी माझ्याशिवाय फाडला.

यांना सगळं कळलं. जेवताना वाढते तेवढं जेवतात. सदर मी बंद केलं आहे. हे लिहिलेलं त्याच पत्त्यावर धाडते आहे, छापतील न छापतील. छापलं तर यमुनेचं नाव गाळू नये. आसेगावची यमुना. तिच्यात मोह नव्हता आणि निष्काळजीपणा नव्हता. तिनं पदर खोचायला घेतला होता. मी खोचू दिला नाही.

लग्न झालं. बोलावणं यांना होतं, मला नव्हतं. हे जाऊन आले. सिंधूनं काय नेसलं होतं ते मी विचारलं नाही.

ते हातभर कापड तिच्यापाशी आहे. कात्री माझ्यापाशी आहे. तिची धार अजून चांगली आहे.